ऑइलमध्ये पाणी दिसलं? हेड उतरवण्याआधी एवढं तपासा

ऑइलमध्ये पाणी आहे म्हटलं की बहुतेक गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: "हेड गॅसकेट उडालंय, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि हेड व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅसकेट.) पुष्कळदा ते खरंही असतं. पण पाणी ऑइलमध्ये शिरायच्या वाटा अनेक आहेत आणि त्यातल्या काहींचा हेडशी संबंध नाही. माझ्या डिझेल गाडीचं ऑइल दुधाळ झालं तेव्हा हेडच्या कामाचं एस्टिमेट हातात पडलं होतं. शेवटी दोष निघाला ऑइल कूलरचा. हेड उघडलं असतं तर नवं गॅसकेट बसलं असतं, बिल झालं असतं आणि ऑइल पुन्हा दुधाळ झालं असतं. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा निदानावर जास्त जोर आहे. स्वतः पाना हातात घेणार नसाल तरी वाचा. निदान मिस्त्रीला काय विचारायचं ते कळेल.

१. आधी गाडी बंद ठेवा

डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर गाडी चालू करू नका. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" हेही कारण चालत नाही. क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगमध्ये धातू धातूला घासत नाही, कारण मधे ऑइलचा पातळ थर दाब धरून असतो. पाणी मिसळलेलं ऑइल तो दाब नीट धरत नाही. त्यात कूलंटमधलं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातलं) ग्लायकोल गेलं असेल तर चिकट गाळ तयार होतो आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजतात. गॅसकेटचं काम मोठं वाटतं, पण बेअरिंग आणि क्रँक गेल्यावर लागणाऱ्या पूर्ण इंजिनच्या कामापुढे ते किरकोळ आहे.

गाडी क्रेनने न्या. मॅन्युअल गिअरची असेल तर न्यूट्रलमध्ये टोचन करून नेता येते, फक्त इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात हे ध्यानात ठेवा. नाशिकला द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून दोरी लावून जाण्याचं धाडस मी तरी करणार नाही. ऑटोमॅटिक किंवा फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा.

२. झाकणाखाली की डिपस्टिकवर?

सगळ्यात जास्त घबराट इथे होते आणि पुष्कळदा विनाकारण होते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर, फेसाळ थर दिसला म्हणजे गॅसकेट गेलंच असं नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते आणि थंड भागांवर जमते. इंजिन पुरेसं तापलं की ती ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) वाटेने बाहेर पडते. आता डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची सकाळ घ्या. निफाडला पारा किती उतरला याच्या बातम्या रोज येत असतात आणि आपली गाडी इंदिरानगरहून कॉलेज रोडच्या शाळेपर्यंत जाऊन परत उभी राहते. ऑइल धड तापतच नाही. वाफ झाकणाखाली साचत जाते आणि थर जमतो.

ओळखायचं असं: झाकणाखाली थर आहे, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, ऑइलची पातळी वाढलेली नाही, कूलंट कमी होत नाही आणि गाडी गरम होत नाही. हे सगळं जुळत असेल तर झाकण पुसा आणि गाडी हायवेला न्या. इगतपुरीपर्यंत जाऊन यायला हरकत नाही. सिन्नरपर्यंतही पुरे. अर्धा-पाऊण तास सलग चाललं की ऑइल पूर्ण तापतं आणि पाणी उडून जातं. आठवड्याभराने पुन्हा झाकण बघा. थर परत आला तर ब्रीदरचा पाइप आणि त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (ही वाफ सोडणारी झडप) चोंदलेत का ते पाहून घ्या, आणि थंडीत ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधी बदला.

डिपस्टिकवर दुधाळ रंग असेल, ऑइलची पातळी न भरता वर गेली असेल किंवा कूलंटची बाटली सारखी खाली जात असेल, तर मात्र पुढे वाचा.

३. सामान जमवा

ऑइल निथळायला रुंद टब, पारदर्शक बरणी, ड्रेन नटच्या मापाचा पाना आणि नवा वॉशर, फडकी, हातमोजे, चष्मा, टॉर्च. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, जॅकस्टँड हवेतच. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तम, कारण टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे गाडीगणिक वेगळे असतात.

कूलंट प्रेशर टेस्टर आणि कॉम्प्रेशन गेज घरी असण्याची शक्यता कमी. या तपासण्या गॅरेजमध्ये करून घ्या, पण समोर उभं राहून.

४. घरी होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे मोकळं पाणी चेंबरच्या (इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या) तळाशी बसतं. सकाळी ड्रेन नट पूर्ण न काढता अगदी हळू सैल करा आणि पहिली धार बरणीत धरा. आधी पाणी आलं आणि मग ऑइल, तर शंकाच उरत नाही. पाण्याला कूलंटचा हिरवा, लाल किंवा निळा रंग असेल तर ते कूलिंगमधून आलंय. बिनरंगी असेल तर बाहेरून आलेलं असू शकतं: पुराचं, किंवा वॉशिंग सेंटरवर बॉनेटखाली प्रेशरने मारलेलं. पण आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी भरलं असेल तर रंग दिसणारच नाही. आधी रेडिएटरमध्ये काय आहे ते बघा. जुनी गाडी घेतलेल्यांनी तर नक्कीच.

ऑइल आणि पाणी एकजीव झालं असेल तर खाली वेगळं पाणी मिळत नाही. मग थेंबाची चाचणी करा. विजेच्या हॉटप्लेटवर जुना पत्र्याचा तुकडा चांगला तापवा आणि त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतड होते आणि बुडबुडे उठतात. हजारात एक भाग पाणी असलं तरी कळतं. शेजारी ताज्या ऑइलचा थेंब टाकून फरक बघा. हे अंगणात करा, चष्मा घालून करा, गॅसच्या शेगडीवर नको. आणि घरातला तवा घेऊ नका, त्यावरून होणारं भांडण या लेखाच्या कक्षेबाहेरचं आहे.

आता कूलंटकडे या. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण काढा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. वर ऑइलचा तवंग किंवा तपकिरी गाळ दिसतोय का? दिसत असेल तर लिहून ठेवा, पुढच्या पायरीत त्याला फार किंमत आहे.

५. पाणी नेमकं कुठून येतंय?

गॅरेजमध्ये बोलताना या पायरीवर घाई करू देऊ नका. हेड, ऑइल कूलर, टायमिंग कव्हरचं गॅसकेट, हेडची किंवा ब्लॉकची क्रॅक, वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारी सायलेंडरची नळी) असलेल्या इंजिनात लायनरच्या ओ-रिंग, हे सगळे संशयित आहेत. त्यांना एकेक करून बाद करायचं.

प्रेशर टेस्ट: थंड इंजिनवर हातपंपाने कूलिंगमध्ये दाब भरतात. किती भरायचा ते रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास. त्याहून जास्त भरू देऊ नका, नाहीतर चांगले होज फुटतात. दाब अर्धा तास टिकला पाहिजे. घसरला आणि बाहेर कुठे गळती नाही, तर गळती आत आहे.

यातच एक भर घालायला सांगा: चेंबरमधलं ऑइल काढून ड्रेन नट उघडाच ठेवायचा, खाली स्वच्छ टब, आणि वरून कूलिंगला दाब. भोकातून कूलंट ठिबकलं तर ते चेंबरमध्ये उतरतंय हे सिद्ध झालं. हळू गळती असेल तर वेळ लागतो, दुपारचं जेवण करून या.

कार्बन डायऑक्साइड टेस्ट: निळ्या रंगाचं द्रव असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन थोडा वेळ चालवतात. सायलेंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवटही होऊ शकतं. इथे इंजिन चालू करावं लागतं, म्हणून ऑइल फार दुधाळ असेल तर आधी ते काढून स्वस्त पण योग्य ग्रेडचं ऑइल भरा, मगच ही चाचणी.

कॉम्प्रेशन: कॉम्प्रेशन म्हणजे सायलेंडरमध्ये पिस्टन तयार करतो तो दाब. शेजारशेजारच्या दोन सायलेंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं असेल तर मधल्या भिंतीवरचं गॅसकेट गेल्याचा संशय पक्का होतो. लीकडाऊन टेस्टमध्ये सायलेंडरला हवा देऊन रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघतात. स्पार्क प्लग काढल्यावर एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सायलेंडरमध्ये कूलंट जळतंय.

आता ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत ऑइल फिल्टरच्या बैठकीलाच हा छोटा कूलर जोडलेला असतो. एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने कूलंट, मधे पातळ पत्रा आणि सील. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब काही वेळ टिकतो, मग कूलंट ऑइलमध्ये येतं. दोन्हीकडे भेसळ, पण कॉम्प्रेशन ठणठणीत आणि कूलंटमध्ये वायू नाही, असं चित्र असेल तर कूलर आधी तपासा. गॅसकेट फक्त ऑइलची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामधे फाटलं तरी अशीच लक्षणं दिसू शकतात हे खरं. पण बहुतेक गाड्यांत कूलर काढून तपासणं तुलनेने थोडक्यातलं काम आहे आणि हेड उतरवणं नाही. म्हणून क्रम हाच.

कूलर कसा तपासायचा? बाहेर काढून कूलंटच्या बाजूचं एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यातून हलका हवेचा दाब द्यायचा आणि कूलर पाण्यात बुडवायचा. ऑइलच्या भोकातून बुडबुडे आले की विषय संपला. माझ्या गाडीत आले.

६. पुराचं पाणी असेल तर नियम वेगळे

गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावर सगळ्या शहराचं लक्ष असतं. तरीही गोदाघाटावर गाडी लावून खरेदीला जाणारे असतातच. 2019 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय ते पावसाळ्यात तिथे गाडी ठेवणार नाहीत.

बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. चावी ऑनसुद्धा करू नका. पाणी एअर फिल्टरमधून सायलेंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, फोटो काढा आणि गाडी उचलून न्या.

गॅरेजमध्ये पहिली पाहणी एअर फिल्टरची. तो कोरडा असेल तर सुटकेचा अर्धा श्वास घ्या. ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवायचा, पाणी भोकांतून बाहेर येतं. डिझेलचं काम असेल तर इंजेक्टर काढलेच आहेत तर त्यांचे नॉझल टेस्ट करून घ्या. मायकोच्या (आताच्या बॉशच्या, जिथे डिझेलचे नॉझल बनतात त्या कारखान्याच्या) गावात त्याला माणूस शोधावा लागत नाही. नंतर कॉम्प्रेशन बघायचं. एखादा सायलेंडर कमी दाखवत असेल तर रॉड वाकल्याची शंका घ्या.

इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइल, डिफरन्शियल असेल तर त्याचं ऑइल आणि ब्रेक फ्लुइडही बदला. डिझेल टाकीत पाणी गेलं का तेही बघा.

७. दुरुस्ती

ऑइल कूलर दोषी असेल तर नवा कूलर आणि सगळे नवे सील. जुने ओ-रिंग परत लावायचा मोह आवरा.

हेडच निघालं तर काम मोठं आहे, आणि त्यात या गोष्टींवर नजर ठेवा. हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरवायचं. उतरवलेलं हेड सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासायचं. किती वाक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं आणि तो आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागण्याइतका लहान असतो. मग प्रेशर टेस्ट करून क्रॅक नाही याची खात्री, आणि गरज असेल तरच फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर घासून सपाट करणं. सातपूर-अंबड पट्ट्यात मशिनिंग करणाऱ्यांची कमी नाही, पण "थोडं जास्त घेतलं, चालतं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि डिझेलमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. काही डिझेल इंजिनांत कंपनी फेसिंगला परवानगीच देत नाही. डिझेलची गॅसकेट जाडीप्रमाणे वेगवेगळी येतात. जुन्यावरच्या खाचा किंवा भोकं मोजून तसंच मागवा.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करून घ्या. आत ऑइल किंवा कूलंट राहिलं आणि बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, ब्लॉकच तडकू शकतो. ताणले जाणारे हेड बोल्ट असतील तर ते नवेच लागतात. आवळणी मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आणि सांगितलेल्या अंशांनी. हाताच्या अंदाजाने आवळणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी नम्रपणे नाही म्हणा.

आणि गॅसकेट का गेलं? कसारा घाट चढताना किंवा सप्तशृंगीच्या गडावर गाडी तापली असेल तर त्यामागे थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा असतो. ते न शोधता हेड बसवलं तर पुढच्या घाटात तीच कथा.

रेडिएटरमध्ये टाकायच्या गळती बंद करणाऱ्या बाटल्यांचा सल्ला मिळेल. त्या हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करतात.

८. इंजिन धुणं

उरलेलं दुधाळ ऑइल एका बदलात निघत नाही. चेंबर चिखलाने भरलेलं असेल तर ते उतरवून हाताने साफ करा. मग योग्य ग्रेडचं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन आयडलवर पंखा लागेपर्यंत तापवायचं, गरम असतानाच ऑइल काढायचं. निघालेलं ऑइल स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा, आणि दर वेळी फिल्टर नवा, कारण पाणी लागलेला कागद फुगतो. डिझेल किंवा रॉकेल ओतून धुण्याची जुनी पद्धत टाळा, बेअरिंगवर ऑइलचा थर राहत नाही.

गाडी दुधाळ ऑइलवर बराच वेळ चालली असेल तर चेंबर उतरवलेलंच असताना एक बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) काढून बघा. वरचा थर झिजून तांबूस रंग दिसत असेल तर सगळी बदला.

कूलंटमध्ये ऑइल गेलं असेल तर कूलिंगही धुवावं लागतं आणि ऑइल शोषून मऊ पडलेले होज बदलावे लागतात. नंतर कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. बोअरचं पाणी नको, क्षार जमतात. भरल्यावर हवा नीट काढा. अडकलेल्या हवेने नवं हेडही तापतं.

९. कागदपत्रं आणि हिशेब

जवळ ठेवा: आरसी, विमा पॉलिसी, सर्व्हिसची बिलं, दुधाळ ऑइलचे आणि गाडीचे फोटो, गॅरेजचं लेखी एस्टिमेट आणि जॉब कार्ड. एस्टिमेटमध्ये "हेडचं काम" असं मोघम नको. गॅसकेट, बोल्ट, फेसिंग, प्रेशर टेस्ट, ऑइल, कूलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा.

झिजून उडालेलं गॅसकेट विम्यात येत नाही. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, पण बुडालेल्या गाडीला सेल्फ मारल्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचं कलम घ्यावं लागतं. दावा करायचा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका.

१०. गाडी परत आल्यावर

पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघा. हवा निघताना कूलंट सुरुवातीला थोडं खाली जातं, मग थांबलं पाहिजे. पाचशे ते हजार किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर आणखी एकदा बदला आणि निघालेल्या ऑइलवर पुन्हा थेंबाची चाचणी करा.

धुण्यात बरंच वाया गेलेलं ऑइल साठतं. ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतलं तर नाल्यामार्गे गोदावरीतच जातं. झाकणाच्या डब्यात भरा आणि जी वर्कशॉप अधिकृत रिसायकलरला ऑइल देते तिथे नेऊन द्या. कूलंट त्यात मिसळू नका, ते वेगळ्या डब्यात. ग्लायकोल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, त्यामुळे अंगणात सांडलेलं लगेच धुऊन टाका आणि डबा मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.